पांढरा चेंडू कोठे थांबला? : स्नूकरमधील नवोदितांच्या सरावाचे गणित

क्रीडा प्रतिनिधी

'स्नूकर' हा शब्द मूळचा खेळाचा नव्हे. इंग्लंडमधील वुलविच येथील लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या नवशिक्या छात्रांना या नावाने हिणवले जात असे. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत ब्रिटिश अधिकारी बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडूंचा एक नवा खेळ खेळत होते. सोपा चेंडू चुकवणाऱ्या एका सहकाऱ्याला नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने 'स्नूकर' म्हटले आणि तेच नाव खेळाला चिकटले, अशी हकिगत सांगितली जाते. (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत.) पुढे उटीच्या क्लबात या खेळाचे नियम लिहिले गेले. भारतात जन्मलेल्या या खेळाच्या नावातच नवशिक्याची चूक दडलेली आहे.

ही चूक सुधारायची कशी, हा प्रश्न आज मुंबई, पुण्यातील अनेक तरुण खेळाडूंपुढे आहे. चौदा-पंधराव्या वर्षी मुलगा वा मुलगी मित्रांबरोबर पार्लरमध्ये किंवा जिमखान्यात पहिल्यांदा क्यू हातात घेते. पहिल्या काही महिन्यांत प्रगती वेगाने होते. सलग वीस-तीस गुणांचे ब्रेक होऊ लागतात, ओळखीचे खेळाडू हरू लागतात. त्यानंतर मात्र खेळ जागच्या जागी थांबतो आणि वर्षभर हलत नाही. नेमकी हीच वर्षे दहावी-बारावीची असतात, टेबलाचे भाडे तासावर मोजले जाते आणि घरातून "यातून पुढे काय?" असा प्रश्न येऊ लागतो. या टप्प्यावर अनेकजण टेबलावरचे तास वाढवतात. परंतु तास वाढवण्याआधी त्या तासांत काय मोजले जाते, हे पाहणे अधिक आवश्यक असते.

खेळाचे गणित

स्नूकरचे टेबल बारा फूट लांब व सहा फूट रुंद मानले जाते. कुशनच्या आतील खेळण्याची जागा ११ फूट ८.५ इंच बाय ५ फूट १० इंच असते. पंधरा लाल, सहा रंगीत व एक पांढरा असे एकूण बावीस चेंडू असतात आणि प्रत्येकाचा व्यास ५२.५ मिलिमीटर असतो. लाल चेंडूला १ गुण, तर पिवळ्याला २, हिरव्याला ३, तपकिरीला ४, निळ्याला ५, गुलाबीला ६ व काळ्याला ७ गुण मिळतात. प्रत्येक लाल चेंडूनंतर एक रंगीत चेंडू पॉकेटमध्ये घालायचा असतो. लाल संपेपर्यंत रंगीत चेंडू पुन्हा आपल्या ठिपक्यावर ठेवला जातो. शेवटी सहाही रंग क्रमाने संपवायचे असतात.

या सहा रंगांची बेरीज २७ होते. म्हणून टेबलावर उरलेले जास्तीत जास्त गुण काढण्याचे सूत्र सोपे आहे : शिल्लक लाल चेंडूंना ८ ने गुणावे आणि त्यात २७ मिळवावेत. तीन लाल शिल्लक असतील तर ५१, एकच असेल तर ३५. पंधरा लाल असताना हीच बेरीज १४७ होते आणि तोच या खेळातील नेहमीचा सर्वोच्च ब्रेक मानला जातो. हे गणित पाठ नसणारा खेळाडू आक्रमण कधी करावे आणि कधी थांबावे, याचा निर्णय अंदाजानेच घेत असतो.

अर्ध्या अंशाची किंमत

सोपा दिसणारा चेंडू का चुकतो, याचे उत्तर भूमितीत आहे. समजा, पांढरा चेंडू, लाल चेंडू व पॉकेट एका सरळ रेषेत आहेत. पांढऱ्या व लाल चेंडूंत एक मीटर अंतर आहे आणि लाल चेंडूपासून पॉकेटही एक मीटरवर आहे. पांढरा चेंडू आपल्या रेषेपासून केवळ अर्धा अंश ढळला, तर तो लाल चेंडूजवळ पोहोचेपर्यंत सुमारे ९ मिलिमीटर बाजूला सरकलेला असतो. चेंडू गोल असल्यामुळे या ९ मिलिमीटरमुळे लाल चेंडूची दिशा सुमारे ९ अंशांनी बदलते आणि पॉकेटपर्यंत जाताना तो जवळजवळ १६ सेंटीमीटर बाजूला जातो. पॉकेटचे तोंड याहून कितीतरी अरुंद असते.

थोडक्यात, हातातील अर्धा अंश टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वीतभर होतो. नवोदित खेळाडू बहुधा आपली नजर चुकली असे समजतो आणि नेम बदलतो. प्रत्यक्षात नेम बरोबर असून क्यू वाकडा गेलेला असतो. बरोबर नेम बदलून वाकड्या क्यूशी जुळवून घेण्याची ही सवय एकदा जडली, की सरावाचे तास वाढतील तशी चूकही पक्की होत जाते. प्रगती थांबण्याचे हे एक मोठे कारण होय.

उभे राहणे आणि क्यू

म्हणून सुधारणेची सुरुवात चेंडू पॉकेटमध्ये घालण्यापासून करू नये. उजव्या हाताने खेळणाऱ्याने उजवा पाय फटक्याच्या रेषेवर व सरळ ठेवावा, डावा पाय किंचित पुढे घेऊन गुडघ्यात वाकवावा. हनुवटी क्यूला टेकलेली किंवा अगदी जवळ असावी. टेबलावरील हाताची बोटे घट्ट रोवलेली हवीत, तर मागच्या हाताची पकड सैल असावी. क्यूचे टोक पांढऱ्या चेंडूला स्पर्श करते, त्या क्षणी मागच्या हाताचा कोपराखालील भाग जमिनीला काटकोनात असावा. क्यू मागे नेल्यावर क्षणभर थांबावे, फटका मारताना नजर लक्ष्य चेंडूवर ठेवावी आणि चेंडू थांबेपर्यंत डोके उचलू नये. चेंडू पडतो की नाही हे पाहण्याच्या उत्सुकतेने डोके आधी उठते आणि त्याबरोबर खांदाही हलतो. ही नवोदितांची सर्वांत सामान्य चूक आहे.

क्यू सरळ जातो की नाही, याची परीक्षा एका पांढऱ्या चेंडूने होते. तो तपकिरी चेंडूच्या ठिपक्यावर ठेवावा आणि निळा, गुलाबी व काळा या तिन्ही ठिपक्यांवरून नेऊन समोरच्या कुशनवर मारावा. फटका मध्यावर बसला असेल, तर चेंडू त्याच रेषेने परत येऊन क्यूच्या टोकाला लागेल. तो प्रत्येक वेळी उजवीकडे परतत असेल, तर खेळाडूच्या नकळत चेंडूला उजवी फिरकी मिळत आहे, असे समजावे. या परीक्षेत नेमाचा प्रश्नच नसतो, त्यामुळे सबबीलाही जागा उरत नाही.

क्यू स्वतःचा असणे हितावह. तो बहुधा ॲश किंवा मेपल लाकडाचा व सुमारे ५७-५८ इंच लांब असतो. टोकावरील चामड्याची टिप ९ ते १० मिलिमीटरची असते. पार्लरमधील क्यू दररोज बदलत राहिला, तर चूक हाताची की लाकडाची, हे कळणे अवघड होते.

चेंडू पडल्यानंतर काय?

पॉकेटमध्ये पडलेला चेंडू प्रेक्षकांना दिसतो, परंतु ब्रेक पुढे चालू राहील की नाही, हे पांढरा चेंडू कोठे थांबला यावर ठरते. क्यूचे टोक पांढऱ्या चेंडूच्या वरच्या भागावर लागले तर तो लक्ष्य चेंडूमागे पुढे जातो. सरळ फटक्यात तो घसरत जाऊन आदळला, तर जागेवर थांबतो. खालच्या भागावर लागले तर तो मागे येतो, त्याला 'स्क्रू' म्हणतात. या तीन हालचालींवर ताबा येईपर्यंत बाजूची फिरकी शक्यतो वापरू नये, कारण तिच्यामुळे पांढरा चेंडू रेषेपासून किंचित ढळतो आणि नेमाचे गणित बिघडते.

यासाठी जगभर वापरला जाणारा सराव म्हणजे 'लाइन-अप'. सर्व रंगीत चेंडू आपापल्या ठिपक्यांवर ठेवून लाल चेंडू टेबलाच्या मध्यरेषेवर एका ओळीत मांडायचे आणि लाल-रंगीत-लाल या क्रमाने संपवायचे. सुरुवातीला सहाच लाल घेतले तरी पुरे. दुसरा सराव सहा रंग क्रमाने संपवण्याचा, म्हणजे २७ गुणांचा. अनेक फ्रेमचा निकाल याच रंगांवर लागतो, तरीही नवोदितांच्या सरावात त्यांना क्वचितच स्थान मिळते.

सरावाची वही

येथेच वहीचे महत्त्व येते. दोन तासांच्या सत्रात पहिली वीस मिनिटे सरळ क्यूच्या परीक्षेला, अर्धा तास एकाच ठरावीक फटक्याला, चाळीस मिनिटे लाइन-अपला आणि उरलेला अर्धा तास बचावात्मक फटक्यांना द्यावा, अशी साधी विभागणी करता येईल. प्रत्येक भागाचा आकडा लिहावा. वीसपैकी किती लांबचे निळे चेंडू पडले? लाइन-अपमधील दहा प्रयत्नांत सर्वांत मोठा ब्रेक किती? आणि ब्रेक कशामुळे तुटला : चेंडू चुकल्याने की पांढरा चेंडू अडचणीच्या जागी थांबल्याने?

हा शेवटचा प्रश्न सर्वांत उपयुक्त आहे. महिन्याभराच्या नोंदींत बहुतेक ब्रेक दुसऱ्या कारणाने तुटलेले दिसले, तर आणखी शंभर चेंडू पॉकेटमध्ये घालून फरक पडणार नाही. सराव पांढऱ्या चेंडूचा करावा लागेल. पहिले कारण जास्त असेल, तर पुन्हा उभे राहण्याच्या पद्धतीकडे वळावे. प्रशिक्षकालाही अशी वही पाहून नेमका दोष लवकर सापडतो.

बचावाचीही नोंद ठेवावी. चेंडू पडण्याची शक्यता कमी असेल, तेव्हा पांढरा चेंडू पुन्हा टेबलाच्या खालच्या, तपकिरी चेंडूकडील कुशनजवळ नेऊन ठेवणे हा कच खाण्याचा प्रकार नव्हे. फाउल झाल्यास प्रतिस्पर्ध्याला किमान ४ व कमाल ७ गुण मिळतात. शिवाय मोकळे टेबल मिळाल्यास तो एकाच खेपेत फ्रेम संपवू शकतो. मित्रांशी खेळताना असा धोका खपून जातो, स्पर्धेत खपत नाही.

पुढची वाट

भारतात या खेळाला मोठी परंपरा आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय होत. स्नूकरमध्ये ओम अग्रवाल यांनी १९८४ मध्ये डब्लिन येथे जागतिक हौशी विजेतेपद पटकावले. मुंबईचे यासिन मर्चंट १९८९ व २००१ मध्ये आशियाई विजेते ठरले. पुण्यात जन्मलेला व बंगळुरूमध्ये वाढलेला पंकज अडवाणी २००३ मध्ये चीनमधील जियांगमेन येथे अठराव्या वर्षी जागतिक हौशी विजेता झाला. प्रशिक्षक अरविंद सवूर यांच्या हाताखाली तो घडला. मुंबईच्या आदित्य मेहताने २०१३ मध्ये दिल्लीतील इंडियन ओपन या व्यावसायिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठली आणि २०१४ मध्ये जर्मनीतील स्पर्धेत १४७ गुणांचा ब्रेक केला. मुंबईचाच इशप्रीत सिंग चढ्ढा २०२३ मध्ये व्यावसायिक मालिकेत दाखल झाला. २०२५ मध्ये चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रनने दोहा येथे महिलांचे जागतिक विजेतेपद मिळवले. हा खेळ मुलांचाच, हा समज आता सोडून द्यायला हवा.

या नावांमागील वाट मात्र अरुंद आहे, हेही पालकांनी लक्षात घ्यावे. स्नूकर ऑलिंपिकमध्ये कधीच नव्हते. आशियाई क्रीडा स्पर्धेत ते १९९८ ते २०१० या काळात होते, त्यानंतरच्या तीन स्पर्धांत नव्हते. व्यावसायिक मालिकेचा केंद्रबिंदू ब्रिटन आहे. तेथे राहण्याचा खर्च व एकटेपणा या दोन्ही गोष्टी खेळाडूला सोसाव्या लागतात. अडवाणीसारख्या खेळाडूनेही दोन मोसमांनंतर, २०१४ मध्ये, व्यावसायिक मालिका सोडून भारतातून खेळणे पसंत केले. त्याने त्याचे नुकसान झाले नाही. २०२४ अखेर त्याच्या जागतिक विजेतेपदांची संख्या २८ वर पोहोचली होती.

तेव्हा एकदम सर्वस्व पणाला लावण्याऐवजी पायऱ्या ठरवणे श्रेयस्कर. प्रथम आपल्या क्लबची स्पर्धा, मग राज्य संघटनेच्या स्पर्धा, त्यानंतर सब-ज्युनियर व ज्युनियर गटांतील राष्ट्रीय स्पर्धा. प्रत्येक पायरीवर वर्षभराचा काळ द्यावा आणि त्यानंतर पालक व खेळाडू यांनी एकत्र बसून वही उघडावी. लाइन-अपची सरासरी वाढली का? ब्रेक तुटण्याची कारणे बदलली का? सरावातील आकडा आणि स्पर्धेतील आकडा यांतील अंतर कमी झाले का?

उत्तरे होकारार्थी असतील, तर परीक्षेच्या वर्षातही आठवड्याचे चार-पाच तास टेबलासाठी राखून ठेवायला हरकत नाही. आकडे वर्षभर जागचे हलले नसतील, तर आधी प्रशिक्षक किंवा सरावाची पद्धत बदलून पाहावी आणि आणखी सहा महिन्यांनी पुन्हा हिशेब करावा. दोन्ही वेळा निर्णय घरातील वादावर किंवा एखाद्या दिवशीच्या विजयावर सोडण्यापेक्षा त्या नोंदींवर घेतलेला बरा.