काल्हेरच्या गोदामात ट्रेनिंग करायचंय? आधी पत्र घ्या, मग कामाला लागा

काल्हेर (ता. भिवंडी) : कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडा, माणकोलीपर्यंत हीच रांग. त्यामुळे इथल्या पोरांना 'काम कुठं मिळेल' हा प्रश्न फारसा पडत नाही. ठेकेदाराच्या माणसाला फोन केला की दुसऱ्या दिवशी हजेरी लागते. अडचण वेगळीच आहे. कॉलेजला जे 'कामाचा अनुभव' म्हणून चालतं, ते हे रोजंदारीचं काम नव्हे. चार महिने पेट्या उचलल्या, पण हातात कागद एकही नाही, अशी गत झाली तर मार्कांच्या वेळी ते दिवस वाया गेल्यासारखेच.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात 'ऑन जॉब ट्रेनिंग' म्हणजे ओजेटी आली आहे. तिला 4 क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटला 30 तास या हिशोबाने 120 तास भरावे लागतात. रोज सहा तास धरले तर 20 दिवस. ओजेटी कुठल्या सत्रात आहे आणि आपल्या विषयाला कोणतं काम चालेल, हे कॉलेजच्या समन्वयक शिक्षकांना आधी विचारावं. कॉमर्सच्या मुलाला गोदामातलं स्टॉक आणि बिलिंगचं काम सहज जुळतं. मात्र नुसतं लोडिंग-अनलोडिंग दाखवलं तर शिक्षक ते नाकारू शकतात, आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

जागा शोधताना गेटवरच्या वॉचमनला 'काम आहे का' असं विचारू नये. तो ठेकेदाराचाच नंबर देतो. गोदामाच्या ऑफिसात जाऊन मॅनेजर किंवा एचआरला भेटावं, सोबत कॉलेजचं शिफारसपत्र आणि एक पानी बायोडाटा ठेवावा. सकाळी गाड्या लागतात आणि संध्याकाळी माल निघतो, तेव्हा कुणालाच वेळ नसतो. दुपारच्या जेवणानंतरची वेळ बरी. दिवाळीच्या आधीच्या सेलच्या दिवसांत मोठ्या ऑनलाइन कंपन्यांच्या गोदामांत माणसं खूप लागतात, पण त्या गर्दीत शिकवायला कुणी मोकळा नसतो. शिकायचं असेल तर तो हंगाम टाळलेला बरा.

पत्रात काय हवं

पहिल्या दिवसाआधी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घ्यावं. त्यात विद्यार्थ्याचं नाव, सुरू आणि संपण्याची तारीख, रोजचे तास, कोणत्या विभागात काम, कोणाच्या हाताखाली काम आणि मानधन मिळणार की नाही, एवढं स्पष्ट असावं. 'नंतर देतो' हे उत्तर आलं तर ते पत्र बहुतेक मिळतच नाही. शिवाय गोदामावर बोर्ड एका कंपनीचा, माणसं दुसऱ्या ठेकेदाराची आणि जागा तिसऱ्याची असा प्रकार इथं सर्रास असतो. पत्र नेमकं कोण देणार आणि शेवटी प्रमाणपत्रावर सही कोणाची, हे तेव्हाच ठरवून घ्यावं.

कॉलेज संपलेल्यांसाठी वाट वेगळी आहे. शिकाऊ उमेदवार कायदा, 1961 नुसार 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना ठराविक प्रमाणात अप्रेंटिस घ्यावेच लागतात. त्यासाठी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नाव नोंदवायचं आणि कंपनीशी लेखी करार करायचा. 2019 च्या नियमांत किमान विद्यावेतन 10 वी पासला महिना 6,000, 12 वी पासला 7,000, डिप्लोमाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 9,000 रुपये धरलं होतं. नोंदणी करताना पोर्टलवर चालू दर पाहून घ्यावा. करार असलेल्या अप्रेंटिसला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. रोजंदारीवरच्या पोराचं नाव अनेकदा कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतं, मग भांडायचं कुणाशी?

राज्य सरकारने 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिची नोंदणी महास्वयंम पोर्टलवर होते आणि पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात. शिक्षण चालू असलेल्यांना ही योजना लागू नाही. काल्हेरमधली बरीच मुलं इथंच फसतात. एफवायला असताना अर्ज भरतात आणि मग 'नाव का आलं नाही' म्हणून सेतू केंद्रात चकरा मारतात. सध्या जागा आहेत का, याची चौकशी ठाण्याच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात करावी.

जायच्या आधी

गोदामातले शब्द कानावर असले तर पहिला आठवडा सोपा जातो. माल आत येतो तो इनवर्ड, बाहेर जातो तो आउटवर्ड. ऑर्डरप्रमाणे रॅकमधून माल काढणं म्हणजे पिकिंग. ट्रान्सपोर्टवाल्याच्या पावतीला इथं बिल्टी किंवा एलआर म्हणतात. कॉमर्सच्या विद्यार्थ्याने ई-वे बिल तर समजून घ्यावंच. दुसऱ्या राज्यात जाणारा माल 50 हजार रुपयांच्या वर असेल तर ते लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा साधारणपणे 1 लाख आहे. बिलात गाडीचा नंबर चुकला तर गाडी नाक्यावर अडकते. एक्सेलमध्ये साधी बेरीज, फिल्टर आणि स्टॉकचा तक्ता जमला तर मॅनेजर हातात स्कॅनर सोडून कॉम्प्युटर देतो, असा इथला अनुभव आहे.

रोजचं काम त्याच दिवशी वहीत लिहावं. तारीख, आल्याची-गेल्याची वेळ, काय केलं, काय अडलं, आणि आठवड्याला सुपरवायझरची सही. शेवटच्या दिवशी 20 दिवसांची वही एका बैठकीत लिहिली की शाईवरूनच कळतं.

पायात बंद बूट हवेत, चप्पल नको. फोर्कलिफ्टच्या वाटेत उभं राहून मोबाइल बघू नये. बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठं आहे आणि तो उघडा असतो की मालाने अडलेला, हे पहिल्याच दिवशी पाहावं. 29 एप्रिल 2023 ला वळ गावात गोदाम असलेली तीन मजली इमारत कोसळली होती. वरच्या मजल्यावर लोक राहत होते आणि खाली कामगार होते. भिंतीला तडे, गळणारा स्लॅब किंवा केमिकलचे ड्रम दिसले तर घरी सांगावं आणि दुसरी जागा बघावी. 18 वर्षांखालच्या मुलांना धोकादायक कामावर ठेवणं तर कायद्यानेच बंद आहे.

मुलींच्या बाबतीत शिफ्ट किती वाजता सुटते हे घरच्यांनी आधी विचारावं. ठाणे-भिवंडी रस्त्यावर मेट्रो 5 चं काम आणि ट्रेलरची कोंडी यांमुळे किती वेळ जाईल याचा नेम नसतो, आणि रात्री शेअर रिक्षाही कमी होतात. कंपनीची गाडी मिळत नसेल तर दिवसाचीच शिफ्ट मागून घ्यावी.

ट्रेनिंगसाठी पैसे मागणाऱ्याला मात्र उभं करू नये. रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्मचं डिपॉझिट, आयडी कार्डचे पाचशे, अशी नावं बदलतात. व्हॉट्सअॅपवर आलेलं 'जॉइनिंग लेटर' घेऊन त्या गोदामाच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारावं, काल्हेरहून ते असून असून किती लांब असणार! आधारची प्रत द्यावी लागली तर पहिले आठ अंक झाकलेली मास्क्ड प्रत द्यावी, ती यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट निघते. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.