बंब आणि गीझर : जेऊरच्या न्हाणीघरातील स्थित्यंतर
करमाळा तालुक्यातील जेऊर पुणे–सोलापूर लोहमार्गावर असले, तरी तेथील अंघोळीचे पाणी दीर्घकाळ तुराट्या, धसकटे आणि गोवऱ्या अशा शेतातल्याच जळणावर तापत असे. बंब, म्हणजे मधोमध विस्तवाची उभी नळी आणि भोवती पाणी असलेले तांब्याचे भांडे, हा त्या व्यवस्थेचा कळस होता. चाडीतून ओतलेले गार पाणी तळाशी जाई व वरचे कढत पाणी तोटीतून घंगाळात पडे, मात्र दाबाअभावी त्यावर शॉवर चालत नसे. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर खेडोपाडी वीज पसरत गेली आणि कालांतराने गीझर आला, ज्याला 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 40 अंश सेल्सिअसवर नेण्यास किमान 0.35 युनिट वीज लागते. भारनियमनाच्या काळात मात्र बंबच भरवशाचा होता, हे त्याचे श्रेय नोंदवलेच पाहिजे.