चिनी राजदरबारातील करंड्यांवरील संततीची प्रतीके

चिनी सम्राटांच्या दरबारात, विशेषतः छिंग राजवटीत (१६४४–१९१२), सोने, रत्ने व मिनाकारी यांनी सजवलेले करंडे वापरात होते. दागिने, सुगंधी द्रव्ये व प्रसाधने ठेवण्यासाठी, तसेच मंगलप्रसंगी नजराणा म्हणून त्यांचा उपयोग होई. त्यांवरील फळे, वेली व फुलपाखरे ही निव्वळ नक्षी नव्हे. अनेकदा ती पुत्रप्राप्तीची व वंशवृद्धीची इच्छा सूचित करतात.

प्रतीके आणि श्लेष

यांतील बहुतेक प्रतीके श्लेषावर उभी आहेत. चिनी भाषेत बी आणि पुत्र यांसाठी एकच शब्द आहे. त्यामुळे दाण्यांनी भरलेले, उकललेले डाळिंब हे पुष्कळ पुत्रांचे चिन्ह ठरले. सहाव्या शतकात उत्तर छी राज्यातील एका राजपुत्राच्या नववधूच्या आईने वन्श्वान सम्राटाला दोन डाळिंबे दिली. अर्थ न उमगल्याने त्याने ती टाकून दिली; परंतु वै शौ या विद्वानाने ती नवदांपत्याला विपुल संततीची शुभेच्छा असल्याचे सांगताच तो प्रसन्न झाला, अशी नोंद जुन्या इतिहासग्रंथांत आहे. म्हणजे हा संकेत त्या काळी दरबारातही सर्वांना ठाऊक नव्हता.

‘कमळ’ आणि ‘लागोपाठ’ हे शब्द चिनीत समोच्चारी असल्याने कमळबीज म्हणजे एकामागून एक होणारे पुत्र. लांब वेलीवरची लहानमोठी खरबुजे अखंड वंशपरंपरा दर्शवतात. या वेलीवर फुलपाखरू का असते, याचेही उत्तर श्लेषातच आहे: ‘फुलपाखरू’ व ‘लहान खरबूज’ यांचा उच्चार सारखा आहे. डाळिंब, दीर्घायुष्यसूचक पीच आणि सौभाग्यसूचक ‘बुद्धहस्त’ लिंबू एकत्र आले की ‘तीन विपुलता’ ही रचना होते.

खुद्द करंडाही अर्थपूर्ण आहे. करंडा, मीलन व सलोखा या अर्थांचे शब्द चिनीत एकसारखे उच्चारले जातात. म्हणूनच दांपत्यसौख्याच्या जोडदेवतांपैकी एकाच्या हाती कमळ, तर दुसऱ्याच्या हाती करंडा दाखवतात.

दरबारी संदर्भ

छिंग राजवटीत ज्येष्ठ पुत्रालाच गादी मिळावी असा नियम नव्हता. सम्राट आपल्या पुत्रांतून वारस निवडत असे. खांग्शी सम्राटाला ३५ पुत्र झाले. अंतःपुरातील स्त्रीचे स्थानही पुत्रावर बरेच अवलंबून असे. त्सशी ही मूळची खालच्या दर्जाची उपपत्नी १८५६ मध्ये पुत्र झाल्यावर वर चढत गेली आणि पुढे राजमाता म्हणून राज्यकारभार हाती घेऊ शकली. प्रतीकांतील ‘संतती’ म्हणजे प्रायः पुत्रच. कन्येची इच्छा त्यांत अभिप्रेत नाही.

त्सशीचा पुत्र थोंगची याचा विवाह १८७२ मध्ये झाला; १८७५ च्या जानेवारीत तो निपुत्रिक वारला. त्याच्यानंतरच्या ग्वांगश्यूच्या विवाहकक्षात (१८८९) शंभर खेळत्या बालकांचे भरतकाम केलेले पलंगाचे पडदे होते. त्यालाही अपत्य झाले नाही आणि शेवटचा सम्राट पुयी यालाही नाही.

राजसंग्रहातील अशा वस्तू आज मुख्यतः बीजिंग व तैपेई येथील राजवाडा संग्रहालयांत आहेत.