एरेबसवर गेलेले पोलीस आणि सत्तावीस वर्षांनी आलेले पदक

१/ २८ नोव्हेंबर १९७९. अंटार्क्टिकाचे विहंगम दर्शन घडविण्यासाठी ऑकलंडहून निघालेले एअर न्यूझीलंडचे ९०१ क्रमांकाचे विमान रॉस बेटावरील माउंट एरेबस या ज्वालामुखीच्या उतारावर आदळले. विमानातील सर्व २५७ जण मृत्युमुखी पडले.

२/ मृतदेह मायदेशी आणण्याच्या मोहिमेस ‘ऑपरेशन ओव्हरड्यू’ असे नाव होते. ही जबाबदारी न्यूझीलंडच्या पोलिसांवर आली. अनुभवी गिर्यारोहक सोबतीला होते; पोलिसांपैकी काही मात्र अवघ्या विशीतले होते.

३/ हिमभेगांनी भरलेल्या उतारावर तंबू ठोकून त्यांनी काम केले. प्रत्येक अवशेषाची जागा नोंदवायची, त्याला क्रमांक द्यायचा. दक्षिण ध्रुवीय उन्हाळ्यामुळे सूर्य मावळत नव्हता. स्कुआ पक्ष्यांपासून मृतदेहांचे रक्षण करणे, हेही त्यांचेच काम झाले.

४/ दुसरी आघाडी ऑकलंडच्या शवागारात होती. दातांच्या नोंदी, दागिने, कपडे यांवरून ओळख पटवली जात होती. आप्तांना अंत्यसंस्कार करता यावेत, यासाठीच हा सारा खटाटोप होता.

५/ मोहीम संपली आणि पोलीस घरी परतले. या मानसिक आघाताला तेव्हा सर्वमान्य वैद्यकीय नावही नव्हते. ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’ ही संज्ञा अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत १९८० साली आली. ज्या घरांत एरेबसचा विषय निघालाच नाही, तेथे बायकामुलांना माणूस बदललेला दिसे. कारण मात्र उमगत नसे.

६/ टेलर आणि फ्रेझर यांनी या कामातील १८० जणांचा अभ्यास करून १९८२ मध्ये तो प्रसिद्ध केला. सुमारे एकतृतीयांश जणांना सुरुवातीस मानसिक त्रास जाणवला होता. आपत्तीचे बळी केवळ मृत आणि त्यांचे आप्त नसतात, मदतीस धावणारेही असतात, हे मांडणाऱ्या आरंभीच्या अभ्यासांपैकी हा एक होय.

७/ देशाचे लक्ष मात्र दोष कोणाचा, या वादाकडे होते. न्यायमूर्ती मॅहन यांच्या १९८१ च्या अहवालाने तो अधिकच पेटला. वैमानिकांची बाजू, कंपनीची बाजू यांवर वर्षानुवर्षे चर्चा झाली. बर्फातून मृतदेह उचलणाऱ्यांची बाजू मागेच राहिली.

८/ या मोहिमेसाठी विशेष सेवापदक स्थापन झाले ते २००६ मध्ये. २०१४ च्या ‘एरेबस: ऑपरेशन ओव्हरड्यू’ या चित्रपटात काही पोलिसांनी आपली कहाणी स्वतः सांगितली. तोवर ते तरुण उतारवयाकडे झुकले होते, आणि त्यांची मुले मोठी झाली होती.