कागदी कमानीवरचा वंशवृक्ष

रोमन सम्राटांनी विजयकमानी दगडात बांधल्या. हाब्सबुर्ग घराण्यातल्या पवित्र रोमन सम्राट पहिल्या माक्सिमिलियनने आपली कमान कागदावर उभारली. त्याची तिजोरी बहुतेक वेळा रिकामी असे, पण छापील चित्राची ताकद त्याने पुरेपूर ओळखली होती. दगडी कमान एकाच शहरात उभी राहते. कागदी कमान जिथे धाडावी तिथल्या भिंतीवर चढते.

योहानेस श्टाबियस या विद्वानाने आराखडा आखला, आल्ब्रेख्त ड्यूररने सहकाऱ्यांसह चित्रे काढली आणि न्यूरेंबर्गच्या हिएरोनिमस आंद्रेएने ती लाकडात कोरली. १९५ ठसे, ३६ ताव. सगळे जोडले की सुमारे साडेतीन मीटर उंचीचे चित्र उभे राहते. १५१७-१८ मध्ये त्याचे ७०० संच छापले गेले.

चित्राचा प्राण मधल्या दरवाजाच्या वर आहे. तिथे वंशवृक्ष चढत जातो. बुंध्याशी तीन भूमींची रूपे म्हणून तीन स्त्रिया बसल्या आहेत: ट्रॉय, सिकांब्रिया आणि फ्रान्सिया. त्यांच्यावर फ्रँकांचा पहिला ख्रिस्ती राजा क्लोव्हिस, मग पिढ्यामागून पिढ्या, आणि शेंड्याला सिंहासनावर खुद्द माक्सिमिलियन. ट्रॉयशी जोडलेले नाते ही दंतकथाच. पण ते दरबारी लहर म्हणून सोडून देता येत नाही. लाडिस्लाउस झुंटहाइम आणि याकोब मेनेल यांनी राजासाठी वर्षानुवर्षे मठांतली जुनी दप्तरे धुंडाळली होती. खरे कागद आणि कल्पित पूर्वज एकाच खोडावर आले, म्हणूनच हा वृक्ष इतका बोलका आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? रोमच्या वाटेवर व्हेनिस आडवे आले, म्हणून पोपच्या हातून अभिषेक न होताच १५०८ मध्ये त्रेंतो इथे त्याने ‘निर्वाचित रोमन सम्राट’ हे बिरुद घेतले. शिवाय सम्राटपद वारसाहक्काने मिळत नसे. सात निर्वाचक मत देत. नातू कार्लला ते मिळायचे, तर घराण्याची थोरवी लोकांच्या डोळ्यांत भरणे भाग होते.

कमानीच्या पायऱ्यांवर उजव्या कोपऱ्यात श्टाबियस, चित्रकार यॉर्ग कोल्डरर आणि ड्यूरर यांची कुलचिन्हे आहेत. सम्राटाच्या वंशावळीखाली कारागिरांनी आपलीही ओळख कोरून ठेवली, हे फार मोलाचे वाटते.

जानेवारी १५१९ मध्ये माक्सिमिलियन वारला आणि न्यूरेंबर्गच्या नगरसभेने, त्याने ड्यूररला लावून दिलेले वर्षाला १०० गुल्डनचे मानधन थांबवले. ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून ड्यूरर १५२० मध्ये नेदरलँड्सला गेला. सम्राट म्हणून निवडून आलेल्या कार्लने त्याच वर्षी ते मंजूर केले.