कबुतरखान्याची पोरं

बंगळुरूच्या चामराजपेटेतल्या किराणा दुकानात तुमची तूरडाळ मोजली जातेय. काट्याला वैधमापनशास्त्र खात्याचं सील, भिंतीवर पडताळणीचं प्रमाणपत्र. इलेक्ट्रॉनिक काट्याला ते दरवर्षी नवं लागतं. डाळ पिशवीत पडेपर्यंत सातशे वर्षं मागे या, अल्लाउद्दीन खिलजीच्या दिल्लीत. हो, 1296 मध्ये देवगिरी लुटणारा तोच.

साल 1311. त्याचा सरदार मलिक काफूर तुमच्या कर्नाटकातल्या द्वारसमुद्रावरून होयसळांचा खजिना घेऊन परतलाय. इथे दिल्लीत गहू साडेसात जितल नाण्यांना मण. भाव सुलतानाने बांधलेत, कारण मोठं लष्कर थोड्या पगारात पोसायचंय.

रोट्यांच्या दुकानाशी थांबा. एक पोरगा नाणी टाकतो, रोट्या घेतो, सटकतो. दुकानदार मानही वर करत नाही. पोरगा कबुतरखान्यातला (दादरच्या नव्हे, सुलतानाच्या). त्याला सुलतानानेच पाठवलंय. आणलेल्या रोट्या तोलल्या जातात. कमी भरल्या की बाजाराचा नाझर याकूब येतो आणि तुटीचा हिशोब दुकानदाराच्या अंगच्या मांसातून चुकता करतो. नजर वळवा, इतिहासकार झिया बरनीने हे नोंदवलंय, तेही फारसं न हळहळता.

धान्यमंडीच्या भावाची खबर सुलतानाकडे रोज तीन वाटांनी जाते: मंडीचा शहना (अधीक्षक), बरीद (सरकारी वार्ताहर) आणि गुप्त बातमीदार. तिन्ही जुळल्या नाहीत तर शहन्याची खैर नाही. नमुना गुपचूप उचलायचा, माहिती उलटसुलट ताडून बघायची: लेखापरीक्षणाचं अर्धं शास्त्र इथेच आहे. मुहतसिबाने, म्हणजे बाजार-निरीक्षकाने, फिर्यादीची वाट बघायची नाही, हे तर बगदादच्या अल-मावर्दीने अकराव्या शतकातच लिहून ठेवलं होतं.

पण याकूबचा हिशोब कोण तपासणार? फक्त सुलतान. तो 1316 मध्ये गेला, आणि त्याच्या मुलाच्या राज्यात बांधलेले भावही गेले.

या परत. राज्याचं विधिमंडळ भरतं ते विधानसौध इथून जवळच. सरकारी हिशोब तपासणारा कॅग कुणाच्या अंगाला हात लावू शकत नाही, आणि त्याचा अहवाल येईतो कधीकधी संबंधित साहेब निवृत्तही झालेले असतात. तरी मी याकूबपेक्षा त्यालाच निवडेन. त्याला हटवायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याइतकीच खटपट करावी लागते, आणि अनुच्छेद 151 प्रमाणे राज्याचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे ठेवावाच लागतो. मग लोकलेखा समिती अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारते. सुलतानाच्या तीन खबरा एकटा सुलतान वाचायचा. कर्नाटकाचे अहवाल कॅगच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. निदान एक तरी उघडून वाचा.