क्षारांच्या नांवांची कुळकथा

शाळेंत रसायनशास्त्र शिकवीत असतां दरवर्षीं एक प्रश्न हटकून माझ्यापुढें येई : "गुरुजी, मोरचूद म्हटलें म्हणजे सर्वांना समजतें, मग ‘कॉपर सल्फेट’ हें नांव कशासाठीं पाठ करावयाचें?" प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें.

मोरचूद निळा, हिराकस फिकट हिरवा आणि रेचक म्हणून घेतात तें एप्सम मीठ पांढरें. नांवांवरून ह्या तिघांचें कांहीं नातें असेल अशी शंकाहि येत नाहीं. वास्तविक तिन्ही एकाच घराण्यांतले क्षार आहेत. अठराव्या शतकांतील युरोपांतहि असाच गोंधळ होता. कोणाचें नांव गांवावरून पडलेलें, कोणाचें शोधकावरून, तर कोणाचें ग्रहावरून ! ह्याहून अनर्थकारक गोष्ट ही कीं, तीव्र गंधकाम्लास ‘तेल’ म्हणत आणि अँटिमनीच्या एका दाहक संयुगास ‘लोणी’.

दिजों येथील कायदेपंडित गीतों द मोर्व्हो ह्यांनीं १७८२ सालीं ह्या अव्यवस्थेविरुद्ध प्रथम लेखणी उचलली. पुढें लव्हाझिए, बर्तोले आणि फूर्क्रवा हे त्यांना मिळाले, व १७८७ सालीं पॅरिस येथें चौघांनीं नवी नामपद्धति प्रसिद्ध केली. तिचें तत्त्व असें कीं, नांवानेंच पदार्थाची घटना सांगावी. आपल्याकडे नांव आणि आडनांव असतें, तसेंच हें आहे. धातु हें नांव, अम्लाचें कूळ हें आडनांव. प्राणवायु अधिक असलेल्या अम्लाच्या क्षारास ‘एट’ हा प्रत्यय, कमी असलेल्याच्या क्षारास ‘आइट’. प्राणवायुरहित संयुगांस निराळा प्रत्यय होता. त्याच्या जागीं पुढें ‘आइड’ रूढ झाला.

प्रत्येक अम्लांत प्राणवायु असलाच पाहिजे, ही लव्हाझिए ह्यांची समजूत मात्र चुकीची होती. १७९४ सालीं राज्यक्रांतीच्या वावटळींत त्यांचा शिरच्छेद झाला. मिठापासून निघणाऱ्या अम्लांत प्राणवायु मुळींच नाहीं, हें हंफ्री डेव्ही ह्यांनीं १८१० सालीं दाखविलें व क्लोरीन हें मूलद्रव्य असल्याचें सिद्ध केलें. तेव्हां मीठ ‘सोडियम क्लोराइड’ ठरलें. समजूत खोटी ठरली, पण नामपद्धति टिकली. कारण चूक दुरुस्त करण्यास तिच्यांत जागा होती.

हीं कुळें म्हणजे काय, ह्याचा उलगडा मागाहून झाला. विजेच्या प्रवाहानें द्रावणांतून जे कण सरकतात त्यांना फॅरडे ह्यांनीं १८३४ सालीं ‘आयन’, म्हणजे ‘जाणारा’, असें नांव दिलें. क्षार पाण्यांत विरघळतांच त्याचे आयन आपोआप सुटे होतात, हें स्वीडनच्या अऱ्हेनियस ह्यांनीं पुढें मांडलें. १८८४ सालच्या त्यांच्या प्रबंधास परीक्षकांनीं हलकी श्रेणी दिली. १९०३ सालीं नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळालें!

सल्फेट हें एक एकत्र कुटुंबच आहे. त्यांत गंधकाचा एक व प्राणवायूचे चार अणु असतात. क्षार पाण्यांत विरघळला तरी हें कुटुंब फुटत नाहीं. सर्व मिळून दोन ऋणभार वाहतात. सोडियमच्या आयनावर धनभार एकच, म्हणून एका सल्फेटास दोन सोडियम लागतात. मोरचुदांतील तांब्यावर दोन, म्हणून तेथें एकच पुरे. नवसागरांतील अमोनियम हें असेंच कुटुंब, परंतु धनभाराचें.

एका प्रत्ययाचें महत्त्व केवढें, तें पाहा. सोडियम नायट्रेट शेतांत खत म्हणून घालतात. त्याच्या कुटुंबांतील प्राणवायूचा एक अणु कमी झाला कीं सोडियम नायट्राइट होतें. तेंहि दिसावयास मिठासारखेंच. पण थोडें अधिक पोटांत गेल्यास रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति हरपते व मनुष्य दगावतो. डोळ्यांना न दिसणारा हा भेद बाटलीवरील एक प्रत्यय सांगतो.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांस मी सांगत असें : मोरचूद हें नांव टाकूं नका, तें घरचें लाडकें नांव आहे. परंतु कुळाची ओळख पटवावयाची झाली, म्हणजे पुरें नांवच विचारावें लागतें.